उशिरा बोलणे (लहान मुलांचे)

दोन वर्षांचे मूल हसतेखेळते, सांगितलेले समजते, पण बोलते मात्र फारच थोडे, तेव्हा त्याला उशिरा बोलणारे मूल म्हणतात. वाचाउपचारात रूढ असलेली कसोटी अशी : २४ महिन्यांचे झाल्यावरही ५० पेक्षा कमी शब्द, किंवा ‘बाबा गेले’, ‘दूदू दे’ अशी दोन शब्दांची जोडणी नसणे. ‘मम्मं’, ‘भूभू’, ‘गाईगाई’ हेही शब्दच धरायचे. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द एकत्र मोजायचे. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते ही समजूत चुकीची आहे. त्यापायी आजीशी मराठी बोलणे बंद करण्यात नुकसानच होते.

सहाव्या महिन्याच्या आसपास बाबाबा-दादादा सुरू होते, वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. या वेळापत्रकात काही महिने इकडेतिकडे होणे नेहमीचेच. मुलगे मुलींपेक्षा जरा मागे असतात. बहुतेक उशिरा बोलणारी मुले शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात. मात्र सगळी नाही. त्यामुळे ‘याचा बापही तिसऱ्या वर्षीच बोलला’ हे घरातले आश्वासन पुष्कळदा खरे ठरले, तरी त्यावर विसंबता येत नाही.

शब्द मोजण्यापेक्षा समज पाहणे अधिक उपयोगी. ‘चेंडू आण’ म्हटल्यावर आणतो का? हवी ती वस्तू बोट करून दाखवतो का? नाव घेताच वळून बघतो का? हे सारे असेल तर काळजीचा भार बराच हलका होतो. नसेल, किंवा आलेले शब्द गळून गेले असतील, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. श्रवणतपासणी मात्र प्रत्येक उशिरा बोलणाऱ्या मुलाची करावी. दार वाजल्यावर मूल दचकते म्हणजे त्याला नीट ऐकू येतेच असे नाही : मोठा आवाज पोचतो, ‘स’सारखे बारीक ध्वनी निसटू शकतात.

वेखंड उगाळून मधातून चाटवल्याने जीभ सुटते, असे अजूनही सांगितले जाते. तसा पुरावा नाही. वर्षाखालील बाळाला तर मध देऊच नये. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. जिभेखालचा पडदा कापून घेण्याचा आग्रहही बहुधा व्यर्थ, कारण आखूड पडद्यामुळे काही उच्चार अडतील, भाषा अडत नाही. त्यापेक्षा कांदे निवडताना, आंघोळ घालताना मुलाशी बोलत राहावे, त्याच्या ‘काऊ’ला ‘हो, काऊ उडाला’ असे उत्तर द्यावे. मोबाइलवरची बडबडगीते त्याचे बोलणे ऐकून घेत नाहीत.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी अंगणवाडीपासून होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा व श्रवणाची तपासणी होते.

‘घर’चे ‘घल’ किंवा ‘पोळी’ची ‘पोली’ होणे या नोंदीत येत नाही. तो उच्चारांचा प्रश्न असून र आणि ळ हे ध्वनी मुळात उशिराच साधतात.