लांबचा पल्ला, मधे एकच वाट

१४ नोव्हेंबर २०२४ रोजी इबेरिया कंपनीचं एक विमान माद्रिदहून बोस्टनला गेलं. अटलांटिक महासागर रोज शेकडो विमानं ओलांडतात, त्यामुळे या उड्डाणात वरकरणी नवल काही नव्हतं. पण हे विमान होतं एअरबसचं ए३२१ एक्सएलआर. म्हणजे आपण मुंबई-दिल्ली किंवा पुणे-कोलकाता प्रवासात ज्यात बसतो, त्याच ए३२० कुळातलं. मधे एक वाट, दोन्ही अंगांना तीन-तीन सीट. फरक मुख्यतः पोटात आहे. चाकांच्या मागच्या बाजूला, सामानाच्या जागेतून कापून काढलेली १२,९०० लिटरची जादा इंधनटाकी. तिच्या जोरावर या विमानाचा पल्ला सुमारे ८,७०० किलोमीटरपर्यंत जातो. इंडिगोनेही मुंबई-अथेन्स मार्गासाठी हेच विमान जाहीर केलं. म्हणजे 'एवढ्याशा विमानात सात-आठ तास बसायचं कसं?' हा प्रश्न आता मराठी घरांतही विचारला जाणार.

प्रश्न रास्त आहे, पण त्यातला 'एवढ्याशा' हा शब्द आधी तपासायला हवा.

ए३२० कुळातल्या विमानाची केबिन आतून ३.७० मीटर रुंद असते. तीत सहाजण बसतात. मधली वाट धरून माणशी जवळपास ६२ सेंटिमीटर. बोइंग ७८७ ड्रीमलाइनरची केबिन साडेपाच मीटर रुंद, पण तिथे एका रांगेत नऊजण बसवतात आणि वाटा दोन. माणशी ६१ सेंटिमीटर. बोइंग ७७७ मध्ये दहाजणांची रांग केली की हिशेब ५९ च्या खाली उतरतो. सीटच्या रुंदीतही हेच दिसतं. ए३२० कुळात इकॉनॉमीची सीट साधारण १८ इंचांची, तर नऊच्या रांगेतल्या ७८७ मध्ये ती १७ च्या आसपास. बाहेरून धिप्पाड दिसणाऱ्या विमानात तुमचा खांदा शेजाऱ्याला जास्त घासतो, ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही बाजूंना माणूस असलेल्या, सगळ्यांना नकोशा मधल्या सीटही मोजून पाहा. तीन-तीनच्या मांडणीत सहापैकी दोन. तीन-चार-तीनच्या मांडणीत दहापैकी चार.

या एका इंचाचं महत्त्व पटवायला एअरबसने २०१३ मध्ये लंडन स्लीप सेंटरकडून झोपेची चाचणी करून घेतली होती. १७ ऐवजी १८ इंचांच्या सीटवर झोपेचा दर्जा ५३ टक्क्यांनी सुधारतो, असा तिचा निष्कर्ष. १८ इंचांची सीट विकणाऱ्यानेच पैसे देऊन करवलेली चाचणी आहे, तेव्हा तो आकडा जरा जपूनच घ्यावा. रुंद सीटवर झोप बरी लागते एवढं मानायला मात्र चाचणीचीही गरज नाही.

मग नॅरोबॉडी, म्हणजे अशा एकाच वाटेच्या विमानात लांबचा प्रवास जड का जातो? माझ्या मते दोष रुंदीचा कमी आणि तासांचा जास्त. दोन तासांत जे शरीराला जाणवतही नाही, तेच सहाव्या तासाला छळू लागतं. त्यातली पहिली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे हवेचा दाब.

विमान ३९,००० फुटांवर उडत असताना बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या पाचव्या हिश्शाइतका असतो. तिथे माणूस मिनिटभरही शुद्धीवर राहणं कठीण. म्हणून बहुतेक विमानांत इंजिनांकडून येणारी दाबाखालची हवा केबिनमध्ये सोडतात. पण ती समुद्रसपाटीइतक्या दाबाची केली जात नाही. नियमाने केबिनचा दाब ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४४० मीटर उंचीवर असतो त्याहून कमी होऊ द्यायचा नसतो, आणि ए३२० किंवा बोइंग ७३७ सारखी विमानं सर्वाधिक उंचीवर उडताना या मर्यादेच्या जवळपास असतात. कळसूबाई १,६४६ मीटर. तिच्या माथ्यावर उभं राहून आणखी आठशे मीटर वर जा, तिथली हवा तुम्ही सीटला पट्टा बांधून ओढत असता. समुद्रसपाटीच्या तुलनेत तिचा दाब जेमतेम तीन चतुर्थांश.

दाब आणखी का वाढवत नाहीत? कारण विमानाचं अंग त्या दाबाने फुगतं. आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक ए३२० मध्ये दर चौरस मीटरला साडेपाच टनांच्या पुढे जातो. प्रत्येक उड्डाणात विमान एकदा फुगतं, उतरताना पुन्हा आकसतं. हजारो वेळा असं झालं की अॅल्युमिनियमचा पत्रा थकतो आणि रिव्हेटच्या भोकांपासून बारीक तडे जाऊ लागतात. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं पुढचं छप्पर हवेतच उडून गेलं, त्यामागे हाच थकवा होता. ते विमान बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या मारत असे, त्यामुळे फुगण्या-आकसण्याची मोजदाद भराभर वाढली होती. जास्त दाब सोसायचा तर पत्रा जाड हवा, पत्रा जाड केला तर वजन वाढतं, आणि वजन म्हणजे इंधन. बोइंगचं ७८७ आणि एअरबसचं ए३५० यांची अंगं कार्बनतंतूंच्या मिश्र पदार्थाची आहेत. त्या पदार्थाला हा थकवा फारसा लागत नाही. म्हणून त्यांच्या केबिनमध्ये ६,००० फुटांची, म्हणजे कळसूबाईहून थोडीशीच उंचावरची हवा ठेवता येते. ए३२० पहिल्यांदा उडालं १९८७ मध्ये, तासा-दोन तासांच्या फेऱ्यांसाठी. एक्सएलआरला इंजिन नवं, टाकी नवी, पण अंग त्याच अॅल्युमिनियमच्या घराण्यातलं.

६,००० आणि ८,००० मधला फरक माणसाला खरंच कळतो का? २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याचा एक चांगला प्रयोग प्रसिद्ध झाला. ५०२ स्वयंसेवकांना दाब बदलता येणाऱ्या खोलीत वीस तास बसवून विमानप्रवासाची नक्कल केली होती. (पैसा बोइंगचा होता, हेही सांगून टाकतो.) ८,००० फुटांच्या हवेत रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण सुमारे चार अंकांनी घसरलं, म्हणजे ९७ चं ९३ व्हावं तसं. निरोगी माणसाला यात धोका नाही, पर्वतावर चढल्यावर होणारा आजारही वाढलेला आढळला नाही. पण ७,०००-८,००० फुटांवर बसलेल्यांच्या तक्रारी वाढल्या, आणि त्या वाढल्या तीन ते नऊ तासांच्या दरम्यान. मुंबई-दिल्ली प्रवासाला हा पट्टा लागतच नाही. मुंबई-अथेन्स मात्र नेमकं त्यातून जातं.

कमी दाबाचा दुसरा परिणाम पोटात. ८,००० फुटांवर आतड्यातला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. विमानतळावर मिसळ हाणून मग आठ तास पट्टा बांधून बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. बाहेरची हवा उणे पन्नासाच्या खाली गोठलेली असल्याने तीत बाष्प जवळजवळ नसतं. केबिनमधली आर्द्रता बहुधा १० ते २० टक्के राहते. विदर्भातली मे महिन्यातली दुपारही सहसा याहून ओलसर असते. गंमत म्हणजे केबिनमध्ये जो काही ओलावा असतो तो मुख्यतः प्रवाशांच्या श्वासातून आणि घामातून आलेला. त्यामुळे माणसं विरळ बसलेल्या बिझनेस क्लासात नाक जास्त कोरडं पडतं! दाटीवाटीचा एवढा एकच फायदा माझ्या ऐकिवात आहे.

आता त्या एकाच वाटेकडे येऊ, कारण नॅरोबॉडीची खरी अडचण तीच आहे. दोन वाटांच्या विमानात जेवणाची गाडी एका बाजूला अडली तर माणूस दुसऱ्या बाजूने वळसा घालून स्वच्छतागृह गाठतो. पाय मोकळे करायला फेरी मारता येते. ए३२१ मध्ये गाडी निघाली की गर्दीच्या एसटीत कंडक्टर मधोमध उभा असल्यासारखं होतं, ना पुढे जाता येत, ना मागे. मग लोक उठायचंच टाळतात. पाणी कमी पितात, म्हणजे उठायला लागू नये. आणि हे शरीराला महाग पडू शकतं.

बसून राहिल्याने पायांच्या खोल शिरांत रक्त साचतं, कारण ते वर ढकलणाऱ्या पोटरीच्या स्नायूंना काम नसतं. क्वचित त्याची गुठळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा अहवाल दिला. चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, तरी निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच राहतो. हा धोका फक्त विमानाचा नाही, बस, रेल्वे, मोटार सगळीकडे तोच. रात्रभर बसून पुणे-नागपूर करणारा याच हिशेबात येतो. त्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी नोंद उंचीची आहे. १.९० मीटरहून उंच माणसांना धोका जास्त, हे कुणीही सांगेल. पण १.६० मीटरहून बुटक्या माणसांनाही तो जास्त आढळला. सीटची उंची साधारण परदेशी पुरुषाच्या मापाची. बुटक्या माणसाचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि सीटची कड गुडघ्यामागे रुतते. आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रिया या उंचीखालच्याच. लेकीकडे निघालेल्या आईला 'लेगरूम' जास्त असलेली सीट घेऊन देण्यापेक्षा तिच्या पायांखाली ठेवायला एखादी घट्ट पिशवी देणं अधिक उपयोगी. फक्त उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी ती बाजूला ठेवावी लागेल. खिडकीऐवजी वाटेकडची सीट मागावी, म्हणजे उठताना कुणाला उठवावं लागत नाही.

वेगाचाही थोडा भाग आहे. ए३२१ साधारण ध्वनीच्या ०.७८ पट वेगाने जातं, ७८७ आणि ए३५० हे ०.८५ पटीने. सात हजार किलोमीटरवर हा फरक चाळीस मिनिटांच्या आसपास जातो. पश्चिमेकडे जाताना समोरचा वारा त्यात भर घालतो, आणि भारतातून युरोपला जाणं हे पश्चिमेकडेच.

तळपायांचा मुद्दाही घ्यायला हवा, कारण तो एक्सएलआरपुरताच आहे. नवी टाकी प्रवाशांच्या पायांखाली येते आणि आठ तास उडाल्यावर तिच्यातलं इंधन बर्फासारखं गार होतं. वर बसलेल्यांचे पाय गारठू नयेत म्हणून मधे उष्णतारोधक थर द्यावा लागतो, हे युरोपच्या विमानसुरक्षा यंत्रणेच्या कागदपत्रांतही आलं आहे. अर्थात त्या यंत्रणेची मुख्य चिंता वेगळी होती. विमान जमिनीवर पोटावर आपटलं किंवा खालून आग लागली तर ती टाकी किती वेळ टिकते, हा तिचा प्रश्न होता, आणि मान्यता मिळायला जुलै २०२४ उजाडलं.

पण एकाच वाटेच्या विमानातून समुद्रापार जाणं नवीन आहे, असं समजू नका. उलट जेटयुगाची सुरुवातच तशी झाली. १९५८ मध्ये पॅन अॅम या अमेरिकी कंपनीने बोइंग ७०७ ने न्यूयॉर्क-पॅरिस सेवा सुरू केली, आणि मे १९६० मध्ये एअर इंडियाचं ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. आजच्या ७३७ ची केबिन त्याच ७०७ च्या रुंदीची आहे. फरक इतकाच की तेव्हाचा प्रवासी बैरूत, जिनिव्हा, लंडन अशा थांब्यांवर उतरून पाय झाडून घेत असे. आजचं विमान कुठेच थांबत नाही, हीच त्याची जमेची आणि हीच खर्चाची बाजू. दुबई किंवा दोहाला मध्यरात्री तीन तास बाकावर काढण्यापेक्षा थेट उड्डाण कितीतरी सुखाचं, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

आणि अंग तेच ठेवून आत काय मांडायचं, हे कंपनीच्या हातात असतं. ब्रिटिश एअरवेजने २००९ ते २०२० या काळात लंडन सिटी ते न्यूयॉर्क अशी सेवा ए३१८ या सगळ्यात छोट्या भावंडाने चालवली. आत फक्त ३२ सीट, सगळ्या बिझनेसच्या. तिथे अरुंद विमानाची तक्रार कोण करणार? ए३२१ मध्ये जास्तीत जास्त २४४ प्रवासी नेण्याची परवानगी आहे. जेटब्लू या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये न्यूयॉर्क-लंडनसाठी त्याच्या लांब पल्ल्याच्या आवृत्तीत १३८ सीट ठेवल्या, इबेरियाने एक्सएलआरमध्ये १८२. तिकीट काढताना विमानाचं नाव पाहतो तसा हा आकडाही पाहावा. सीट जितक्या कमी, तितकी गुडघ्यांना जागा जास्त आणि स्वच्छतागृहाबाहेरची रांग लहान.