स्फटिकदोष

स्फटिकातील अणूंच्या नियमित मांडणीत ठिकठिकाणी पडलेला खंड म्हणजे स्फटिकदोष. 'दोष' या नावावर जाऊ नये. घन पदार्थांचे कितीतरी उपयुक्त गुणधर्म त्यांच्यामुळेच लाभतात. संपूर्ण निर्दोष स्फटिक ही कल्पनाच आहे. अणू जागेवरून हटवायला ऊर्जा लागते, पण त्याने एंट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) वाढते, म्हणून केवल शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअस) वर काही जागा रिकाम्या राहतातच. वितळबिंदूजवळच्या तांब्यात दर १०,००० स्थानांमागे साधारण एक स्थान रिकामे असते. धातूतील अणू मुख्यतः अशाच जागांमधून सरकत स्थलांतर करतात.

घनता किंवा वितळबिंदू यांत दोषांमुळे फारसा फरक पडत नाही. बळाचे तसे नाही. निर्दोष स्फटिकातील अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला किती ताण लागेल, याचे गणित भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये मांडले. मऊ धातू प्रत्यक्षात त्याच्या हजारपटींनी कमी ताणाला वाकतात! १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे याचे कारण सुचवले : स्फटिकात एखादा थर मध्येच संपलेला असतो. त्याच्या कडेच्या रेषेलगतचे बंध क्रमाक्रमाने तुटतात व जुळतात, त्यामुळे सगळा थर एकदम हलवावा लागत नाही. या रेषीय दोषाला डिसलोकेशन म्हणतात. १९५६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना ॲल्युमिनियममध्ये या रेषा सरकताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसल्या.

धातू ठोकला की डिसलोकेशन वाढतात, एकमेकांत अडकतात आणि तो कठीण होतो. तापवल्यावर गुंता सुटून पुन्हा मऊ पडतो. धातू अनेक लहान स्फटिककणांचा बनलेला असतो; या कणांमधल्या सीमा, म्हणजे कणसीमाही, डिसलोकेशनची वाट अडवतात, म्हणून बारीक कणांचे पोलाद अधिक बळकट. मात्र प्रखर उष्णतेत याच सीमांवर धातू हळूहळू ताणला जातो; त्यामुळे जेट इंजिनातील टर्बाइनची पाती एकाच स्फटिकाची ओततात.

स्फटिकात शिरलेला परका अणू हाही एक दोषच. सिलिकॉनच्या दहा लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू मिसळला, तरी सामान्य तापमानाला त्याची विद्युत् वाहकता लाखो पटींनी वाढते. ॲल्युमिनियम ऑक्साइड रंगहीन असते. थोड्या क्रोमियममुळे त्याचे माणिक होते.

काही वेळा रचना न बदलता अणूंचा क्रमच बिघडतो. तांबे-सोने मिश्रधातू (तीनास एक) सुमारे ३९० अंश सेल्सिअसखाली सावकाश निववला तर दोन्ही अणू ठरावीक जागा घेतात. झटकन निववल्यास ते विस्कळीतच राहतात आणि विद्युत् रोध बराच अधिक भरतो. धातुकाचेत (काचेसारख्या अनियमित मांडणीच्या धातूत) तर स्फटिकच नसतो, म्हणून डिसलोकेशनही नाहीत. ती विलक्षण बळकट असते; पण ताण वाढला की विरूपण अरुंद पट्ट्यांत एकवटते आणि ती अचानक तुटते.