पेजरँक

वेबपानाचे महत्त्व त्याच्याकडे येणाऱ्या लिंकांवरून काढण्याची गणिती पद्धत. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी ती स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केली आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. याच पद्धतीवर उभ्या राहिलेल्या गूगल कंपनीची स्थापनाही त्याच वर्षीची. पद्धतीचे पेटंट २००१ मध्ये मंजूर झाले. मूळ कल्पना ग्रंथालयशास्त्रातली आहे. कोणत्या शोधनिबंधाचा आधार इतरांनी किती वेळा घेतला, हे मोजणारी सूची युजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून काढली. आधार घेणाऱ्याचे स्वतःचे वजनही धरावे, हा विचार पिन्स्की आणि नारिन यांनी १९७६ मध्ये मांडला. पेजरँकचा गाभा तोच आहे: लिंक म्हणजे शिफारस, पण शिफारस करणारा कोण आणि तो आणखी किती जणांची शिफारस करतो, यावर तिची किंमत ठरते.

गणित. ठाण्याच्या तलावांवर तीनच पाने आहेत असे धरू: ‘तलावांची यादी’, ‘मासुंदा’ आणि ‘उपवन’. यादी दोन्ही तलावांना लिंक देते, मासुंद्याचे पान फक्त यादीला आणि उपवनचे पान फक्त मासुंद्याला. सुरुवातीला प्रत्येकाला सारखेच, म्हणजे ०.३३३ गुण. दर फेरीत पान आपले गुण बाहेर जाणाऱ्या लिंकांमध्ये समान वाटते. मात्र वाटपात ८५ टक्केच जातात. उरलेले १५ टक्के सर्व पानांना सारखे मिळतात, म्हणजे इथे प्रत्येकी ०.०५. पहिल्या फेरीनंतर यादी ०.३३३, मासुंदा ०.४७५, उपवन ०.१९२. दुसऱ्या फेरीत यादी ०.४५४ वर चढते आणि मासुंदा ०.३५५ वर उतरतो. आकडे असे वरखाली होत शेवटी ०.३८८, ०.३९७ आणि ०.२१५ वर स्थिरावतात.

यादी आणि उपवन या दोघांनाही एकेकच लिंक आहे, तरी यादीचे गुण जवळजवळ दुप्पट. कारण मासुंद्याचे पान आपला सगळा वाटा यादीला देते, तर यादीकडून उपवनला अर्धाच वाटा मिळतो. लिंका नुसत्या मोजून हा फरक कधीच दिसला नसता. प्रत्यक्षात पाने अब्जावधी असली तरी फेऱ्या फार लागत नाहीत: मूळ प्रयोगात ३२.२ कोटी लिंकांचे गणित ५२ फेऱ्यांत पुरेसे स्थिर झाले होते.

ते १५ टक्के कशासाठी? वाचक लिंकांवरून पुढे जाता जाता मध्येच कंटाळतो आणि भलतेच पान उघडतो, असे त्यात गृहीत आहे. ही तजवीज नसेल, तर एकमेकांनाच लिंक देणारी दोन पाने बाहेरून आलेले गुण अडवून बसतात आणि दर फेरीला फुगत जातात. ज्या पानातून एकही लिंक बाहेर जात नाही, तिथे उलटे होते: आलेले गुण गळून जातात. म्हणून अशा पानाचे गुण सर्व पानांत वाटले गेले असे धरतात.

लिंकेचे शब्द. ज्या शब्दांवर लिंक लावलेली असते, त्यांवरून समोरचे पान कशाबद्दल आहे हे शोधयंत्राला कळते. मराठी संकेतस्थळे इथे हकनाक नुकसान करून घेतात. ‘येथे क्लिक करा’ यातून काहीच कळत नाही. ‘कचराळी तलावाची माहिती’ यातून सगळे कळते. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामायिक संकेतपद्धती रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या पानांवर डोळ्यांना देवनागरी दिसते, पण यंत्राला आत रोमन अक्षरांची खिचडी मिळते. लिंक मोजली जाते, तिचे शब्द मात्र वाया जातात. पानाच्या वेबपत्त्यात देवनागरी चालते; पण कॉपी करताना प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरे होतात, म्हणजे ‘ठाणे’ची (ठ, काना, ण, मात्रा) छत्तीस. असा लांबलचक पत्ता मेसेजमधून पुढे जाताना मध्येच तुटला, की लिंक कुठेच पोचत नाही.

गैरवापर. लिंकांना किंमत आली तसा त्यांचा बाजार भरला. नौपाड्यातल्या एखाद्या क्लासला ‘पाचशे बॅकलिंक’चे, म्हणजे इतर पानांवरून त्याच्याकडे येणाऱ्या लिंकांचे, पॅकेज विकले जाते, तेव्हा त्या बहुधा अशा पानांवरून येतात ज्यांना स्वतःलाच कोणी लिंक देत नाही. वर दाखवल्याप्रमाणे त्यांच्याकडे वाटायला जवळजवळ काहीच नसते. तू मला, मी तुला असे साटेलोटेही ओळखू येते. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ हा बदल आणला आणि विकतच्या लिंकांवर उभी असलेली संकेतस्थळे खाली गेली. २०१६ पासून तो मुख्य प्रणालीचाच भाग आहे. प्रतिक्रियांमधून घुसवलेल्या लिंकांसाठी २००५ मध्ये ‘नोफॉलो’, म्हणजे ‘ही लिंक शिफारस धरू नये’ असे शोधयंत्राला सांगणारी खूण आली. २०१९ मध्ये जाहिरातीच्या आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकांसाठी वेगळ्या खुणा आल्या. पैसे घेऊन दिलेल्या लिंकेला खूण न लावणे हा गूगलच्या नियमांचा भंग आहे.

आजचे स्थान. ब्राउझरमधल्या गूगलच्या पट्टीत पानाचा पेजरँक म्हणून दिसणारा ० ते १० हा आकडा २०१६ मध्ये बंद झाला. त्यामुळे ‘तुमचा पेजरँक वाढवून देतो’ म्हणणारा जो आकडा दाखवतो, तो गूगलचा नसतो. आतले गणित सुधारित रूपात चालू आहे, पण इतर अनेक निकषांपैकी एक म्हणून. घणसोलीतून कोणी प्लंबर शोधला, तर अंतर आणि मागणीशी जुळणे आधी पाहिले जाते; लिंका प्रसिद्धीच्या निकषात थोडा हातभार लावतात. याउलट नेरूळच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंची दरवर्षी नीट नोंद ठेवणाऱ्या पानाला शाळा, वर्तमानपत्रे आणि पक्षिमित्र आपणहून लिंक देतात. अशी एक लिंक त्या पाचशेंना भारी पडते.

पत्ता बदलताना. आपल्याला कोण लिंक देते, ते संकेतस्थळाच्या मालकांसाठी गूगलने दिलेल्या ‘सर्च कन्सोल’ या साधनातल्या ‘लिंक्स’ अहवालात फुकट पाहता येते. संकेतस्थळ नवे करताना आधी ही यादी उतरवून घ्यावी, कारण वर्षानुवर्षे जमलेल्या लिंका जुन्या पत्त्यांवरच येत असतात. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ क्रमांकाचे कायमचे वळण (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारी सूचना) लावावे आणि ते किमान एक वर्ष, शक्यतो कायमच ठेवावे. काम वाचवण्यासाठी सगळी वळणे मुखपृष्ठाकडे नेली, तर गूगल ती पाने नाहीशी झाली असे समजू शकते आणि त्यांच्या लिंकांचे वजनही जाते.