अवतरणचिन्हांच्या आत आणि बाहेर

संवाद बोलीत लिहावा आणि निवेदन प्रमाण मराठीत, हा सल्ला नव्या कथालेखकाला आजही हमखास मिळतो. कोल्हापूरकडच्या लेखकांनी तो आधी पाळला आणि मग मोडला.

ही विभागणी काही फार जुनी नाही. तेराव्या शतकातलं म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' संवादांनी भरलेलं आहे, पण तिथं अवतरणचिन्हं नाहीत. 'म्हणितलें' एवढ्यावर बोलणारा बदलतो आणि वाचक कुठं अडखळत नाही. विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात छापखान्याबरोबर रुळली, तेव्हा लेखकाचं बोलणं आणि पात्राचं बोलणं कागदावर वेगळं दिसू लागलं.

कोल्हापुरात संवादाची आणखी एक शाळा होती, सिनेमाची. प्रभात कंपनी १९२९ मध्ये इथंच उभी राहिली आणि १९३२ मध्ये तिनं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. त्यातली भाषा अर्थातच संगीत नाटकाच्या वळणाची. १९३६ च्या 'छाया'ची पटकथा वि. स. खांडेकरांची, पुढं ते कोल्हापुरातच स्थायिक झाले. खांडेकरांची पात्रं सुभाषितं बोलतात. घरात असं कुणी बोलत नाही हे वाचकांना का ठाऊक नव्हतं? तरी ती वाक्यं वह्यांत उतरवून घेतली गेली. संवाद नैसर्गिक हवा, ही मागणीच त्या वाचकाची नव्हती. त्याला पात्राच्या तोंडून विचार ऐकायचा होता.

कान बदलला तो ग्रामीण कथेनं. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील कथा लिहीत आणि व्यासपीठावरून सांगतही. सांगताना 'तो म्हणाला' फारसं लागत नाही, आवाजच काम करतो. त्यांच्या छापील कथांतही संवाद एकामागून एक सुटतात आणि कोण बोलतंय ते वाक्याच्या ढंगावरून कळतं. निवेदन मात्र बरंचसं प्रमाण भाषेतच राहिलं.

ते कुंपण कागलच्या आनंद यादवांनी काढलं. 'गोतावळा' (१९७१) ही सगळी कादंबरी नारबा नावाचा शेतगडी आपल्या बोलीत सांगतो. मळ्यात ट्रॅक्टर येतो, जनावरं जातात, आणि ज्याचा सगळा गोतावळा ती जनावरंच होती तो माणूस एकटा पडतो. हे प्रमाण भाषेत सांगितलं असतं तर सांगणारा मळ्याबाहेरचा झाला असता. नियम मोडायला यापेक्षा सबळ कारण मला तरी दिसत नाही. नुसती गंमत म्हणून दर वाक्यात 'मर्दा' आणि 'नाद खुळा' पेरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तो संवाद रंगपंचमीतल्या सदऱ्यासारखा दिसतो.

बोली खरी दिसते ती व्याकरणात. या भागातल्या खेड्यांत बाईही 'मी येतो', 'मी गेलो' म्हणते. 'काय करतोयस'च्या जागी 'काय करायलास' येतं. असली दोन-तीन रूपं नेमकी धरली की पात्र कुठलं ते कळतं, प्रत्येक शब्दाचं लेखन वाकवावं लागत नाही. अडचण मुद्रितशोधनात येते: बाईच्या तोंडचं 'येतो' चूक समजून 'येते' केलं जातं. म्हणून हस्तलिखितासोबत अशा रूपांची यादी आधीच जोडून द्यावी.