सापळा भिंतीला टेकवा

घरात उंदीर दिसला की एक सापळा आणला जातो, खोलीत कुठेतरी ठेवला जातो, आणि दोन रात्री रिकाम्या गेल्या की उंदीर फार हुशार आहे असं ठरतं. खरं तर चूक सापळ्याच्या जागेत आणि संख्येत असते.

घरातल्या लहान उंदराची नजर अधू असते. मिशांनी आणि अंगावरच्या केसांनी भिंत चाचपत तो कडेकडेने धावतो. म्हणून चापाचा सापळा भिंतीशी काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीला टेकवून लावावा. दिवसाला तो जेमतेम 3 ग्रॅम खातो, तेही एका जागी बसून नाही, तर रात्रभर वीसेक ठिकाणी थोडं थोडं कुरतडून. त्यामुळे एक सापळा पुरत नाही. लेंड्या दिसतात त्या कडेला दर 2 मीटरवर एक, असे किमान सहा तरी एकाच रात्री लावा. मोठ्या जातीचा उंदीर (रॅट) नव्या वस्तूपासून लांब राहतो, हा लहान उंदीर मात्र लगेच हुंगायला येतो. म्हणून पहिल्या काही रात्री सर्वांत मोलाच्या. आमिष वाटाण्याएवढंच हवं, आणि चिकट. पीनट बटर उत्तम. कोरडा तुकडा तो चाप न पडताच उचलून नेतो.

पण भोकं उघडी राहिली तर सापळे अखंड लावत बसावं लागेल. मादी सुमारे 20 दिवसांत पाच-सहा पिल्लं देते आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. 6 मिलिमीटरची फट, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी जागा, उंदराला पुरते. नळ आणि वायरी भिंतीतून जातात तिथे, सिंकखाली, दाराच्या तळाशी पाहा. नुसता फोम भरू नका; तो सहज कुरतडला जातो. आधी स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा लोकरीसारखा गोळा) घट्ट कोंबा, वरून सिमेंट लिंपा.

विष आम्ही सुचवत नाही. रक्त गोठू न देणारी विषं काही दिवसांनी मारतात, तोवर उंदीर भिंतीच्या आत शिरलेला असतो आणि मग दुर्गंधी काढता येत नाही. तो उंदीर खाणाऱ्या मांजरालाही धोका असतो.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धुळीतून जंतू श्वासात जातात. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी ताजं मिसळून जागा भिजवा, 5 मिनिटं थांबा आणि कागदाने टिपून घ्या.