वजन उतरतं, पण त्यात चरबी किती आणि स्नायू किती?

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती किलो उतरतात? आकडे खरंच थक्क करणारे आहेत. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाची १,९६१ जणांवर झालेली मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ६८ आठवडे दर आठवड्याला एक इंजेक्शन घेतलेल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटलं. ज्यांच्या इंजेक्शनमध्ये औषधच नव्हतं, त्यांचं घटलं २.४ टक्के. पुढच्याच वर्षी टर्झेपटाइड या दुसऱ्या औषधाच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २०.९ टक्क्यांची घट दाखवली. म्हणजे शंभर किलोचा माणूस ऐंशीच्या आत. पण उतरलेलं वजन नेमकं कशाचं होतं, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही. आपण भारतीयांनी तर तो आधी विचारायला हवा.

त्याआधी ही औषधं काय करतात ते पाहू. आपण जेवलो की लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या काही पेशी रक्तात जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. साखर वाढलेली असेल तर ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला कळवतं की आता पुरे. याचा औषध म्हणून उपयोग करण्यात एकच अडचण होती. शरीरातलं एक विकर (एन्झाइम) दोनेक मिनिटांतच त्याचे तुकडे करतं.

या अडचणीवरचा पहिला तोडगा एका विषारी सरड्याने पुरवला. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आणि मेक्सिकोच्या वाळवंटात राहणारा हा गिला मॉन्स्टर. त्याच्या विषात संशोधक जॉन एंग यांना जीएलपी-१ शी मिळतंजुळतं, पण लवकर न तुटणारं प्रथिन सापडलं. त्यावरून बनलेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहासाठी बाजारात आलं, पण ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. सेमाग्लुटाइडची वाट वेगळी आहे. त्यात मानवी संप्रेरकच किंचित बदललं आहे आणि त्याला मेदाम्लाची (फॅटी ॲसिडची) शेपटी जोडली आहे. ही शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते, त्यामुळे औषध निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. या कामासाठी जोएल हॅबनर, स्वेतलाना मोज्सोव्ह आणि लोट्टे बियेरे नुडसेन यांना २०२४ चा वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. मोज्सोव्ह यांचं नाव कित्येक वर्षं मागे पडलं होतं, ते निदान आता तरी पुढे आलं याचा आनंद वाटतो.

आता मूळ प्रश्न. कोणत्याही मार्गाने वजन झपाट्याने उतरलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीत काही जणांचं, शरीरातली चरबी वेगळी मोजणारं डेक्सा स्कॅन केलं होतं. त्यात घटलेल्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. तो सगळाच स्नायूंचा असतो असं नाही, पाणी आणि इतर ऊतीही त्यात मोजल्या जातात. तरीही हा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आणि आपल्याकडे स्नायूंची गंगाजळी मुळातच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला फोटो डॉक्टरमंडळींत प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचाही अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत कमतरता मुख्यतः स्नायूंची होती, चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा बीएमआय ३० ऐवजी २५ वर धरतात. ज्याच्याकडे स्नायू आधीच बेताचे, त्याच्या वजनात घट झाली की नुसता काट्यावरचा आकडा पाहून खूश होणं मला पटत नाही. साखर खर्च करणारं सर्वांत मोठं कोठार स्नायूच आहे. साठीनंतर जमिनीवरून उठायला, जिना चढायला तेच कामी येतात.

प्रत्यक्षात काय होतं ते ताटात दिसतं. औषध सुरू झालं की भूक मरते, मळमळतं. मग माणूस अर्धी भाकरी, चार घास वरणभात खाऊन उठतो. मटकीची उसळ तशीच राहते, अंडं नकोसं वाटतं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) सांगते. वजन उतरवताना तज्ज्ञ त्याहून जास्त, १.२ ग्रॅमच्या आसपास सुचवतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशोब डॉक्टरांनीच करायचा. थोडक्यात, जेवण निम्मं झालं तरी उसळ, दही, अंडी, मासे आधी खायचे आणि भात नंतर. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम. नुसतं चालणं इथे पुरत नाही.

औषध थांबवल्यावरचं चित्रही माहीत असावं. त्याच चाचणीतल्या काही जणांवर इंजेक्शन बंद झाल्यावर वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. यात माणसाचा दोष नाही. लठ्ठपणा हा रक्तदाबासारखा दीर्घकाळचा आजार आहे. रक्तदाबाची गोळी चालू ठेवावी लागते, हे आपण मुकाट्याने मान्य करतो. मग लठ्ठ माणसालाच मनोनिग्रहाचे धडे का द्यायचे? हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लठ्ठ किंवा जास्त वजनाच्या रुग्णांवरच्या चाचणीत सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. हे औषध गरजूंपर्यंत पोहोचायलाच हवं.

भारतात टर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची. किमती उतरल्या की लग्नाआधी चार किलो घटवण्यासाठी ते मागणारेही वाढणार, याची मला खरी काळजी वाटते. सेमाग्लुटाइडचा डोस ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून महिन्या-महिन्याने चढवायचा असतो. घाई केली की उलट्या, जुलाब नाहीतर बद्धकोष्ठ मागे लागतं. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. पोटात असह्य दुखून कळ पाठीकडे जात असेल तर थेट रुग्णालय गाठावं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर हे औषध घ्यायचं नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करायचं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, कारण उपाशी असूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता. तेव्हा इंजेक्शनचा पेन ओळखीच्या औषध दुकानातून, चिठ्ठीवर आणि बिल घेऊनच घ्यावा.

पहिलं इंजेक्शन घेण्याआधी वजनाबरोबर कमरेचा घेर, हाताच्या पकडीची ताकद आणि हात न टेकता खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, हे लिहून ठेवायला डॉक्टरांना सांगा. दर तीन महिन्यांनी तेच पुन्हा मोजा. कंबर घटली आणि उठबस तेवढीच राहिली किंवा वाढली, तर उपचार ठीक चालले आहेत. उठबस घटत चालली, तर डोस आणि आहार दोन्हींचा फेरविचार डॉक्टरांबरोबर बसून करावा, काटा कितीही खाली गेलेला असो.