तरुणांनी थिएटर सोडलं? छे!

‘आजची पोरं मोबाइलवरच सिनेमा बघतात, थिएटर टिकलंय ते जुन्या पिढीमुळे,’ हे कायम ऐकू येतं. खरं तर उलट आहे. अमेरिकेतल्या मोशन पिक्चर असोसिएशन या बड्या स्टुडिओंच्या संघटनेच्या कोविडपूर्व अहवालांत माणशी सर्वाधिक वेळा थिएटरात जाणारे किशोर आणि तरुणच दिसतात. कोविडनंतर परतायला जास्त वेळ लावला तो वयस्करांनी.

घरी बसून बघण्याची सवयही मोबाइलने लावलेली नाही. अमेरिकेत थिएटरच्या प्रेक्षकसंख्येचा कळस १९४६ च्या सुमारास होता. १९५० च्या दशकात टीव्ही घरोघरी पोहोचला आणि कुटुंबं सोफ्यावर रमली. (म्हणजे थिएटर आधी सोडलं ते आजी-आजोबांच्या पिढीने!) तरुणांना मात्र घरच्यांच्या नजरेबाहेर, मित्रांसोबत बसायला जागा हवीच असते. मोबाइल चालतो तो एरवी.